२८ पैकी ४ गाठी

ऑपरेशननंतर बाबांचा पॅथॉलॉजीचा अहवाल आला. त्यात एक ओळ ठळक छापलेली होती : टी ३, एन २, आर ०. खाली लिहिलं होतं, २८ लसिका ग्रंथी तपासल्या, ४ मध्ये रोग. मी बी. कॉम. झालेली, अमडापूरच्या एका पतसंस्थेत हिशेब बघते. आकडे रोजचेच. तरी या ओळीपुढे मी गोंधळून उभी राहिले. चार म्हणजे थोड्या की फार? शून्य कशाचं? आणि घरी गेल्यावर जो तो एकच विचारणार होता, ‘काय म्हन्ते डॉक्टर? किती वर्सं?’

बाबांना ज्वारीची भाकर गिळताना छातीपाशी अडकायची. चिखलीला दुर्बिणीची तपासणी झाली आणि अन्ननलिका जठराला जिथे मिळते त्याच्या लगेच खाली गाठ निघाली. तिथून देऊळगावराजा, जालना करत संभाजीनगरचं सरकारी कर्करोग रुग्णालय. आधी केमोचे चार डोस, मग ऑपरेशन. सबंध जठर काढलं आणि अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडली. जठराशिवाय माणूस जगतो हेच मला तोवर ठाऊक नव्हतं. असं पहिलं यशस्वी ऑपरेशन १८९७ साली झुरिकच्या श्लाटर नावाच्या सर्जननं केलं होतं, हे नंतर वाचलं आणि धीर आला.

अहवाल घेऊन मी तिथल्या तरुण डॉक्टर मॅडमसमोर बसले. त्यांनी कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला जठराची भिंत काढली. आतलं अस्तर, त्याखालचा थर, मग स्नायू, मग बाहेरचं आवरण. टी म्हणजे रोग या भिंतीत किती खोल गेला ते. बाबांचा स्नायू ओलांडून गेला होता, बाहेरचं आवरण फोडलेलं नव्हतं. एन म्हणजे ग्रंथी. एक-दोन ग्रंथींत रोग असला तर एन १, तीन ते सहांत असला तर एन २, सात किंवा जास्तींत असला तर एन ३. ऑपरेशननंतरच्या आयुष्याबद्दल सगळ्यांत जास्त सांगणाऱ्या गोष्टींत हा आकडा येतो.

‘चारपेक्षा अठ्ठावीस महत्त्वाचे,’ त्या म्हणाल्या. मला कळेना. मग उलगडलं. निदान सोळा ग्रंथी तपासायला हव्यात असा जगभरचा दंडक आहे. दहाच तपासल्या आणि दोनात रोग सापडला, तर कागदावर एन १ दिसतो, पण न तपासलेल्यांत काय होतं ते कोण सांगणार? बाबांच्या सर्जननं जठराभोवतीच्या ग्रंथी नीट खरवडून काढल्या होत्या आणि पॅथॉलॉजीवाल्यांनी त्या एकेक करून शोधल्या होत्या. या दोघांचे कष्ट त्या अठ्ठावीसमध्ये आहेत. आर ० म्हणजे कापलेल्या कडांवर सूक्ष्मदर्शकाखालीही रोग दिसला नाही. वरच्या टोकाच्या गाठीत ही कड साधणं अवघड, कारण वर लगेच अन्ननलिका आणि छातीचा पडदा. त्या शून्याइतका चांगला आकडा त्या कागदावर दुसरा नव्हता.

मग मी रात्री मोबाइलवर वाचत बसू लागले आणि पुन्हा गोंधळले. जपानमध्ये जठराच्या वरच्या भागाच्या कर्करोगाच्या ५०५ रुग्णांवर एक अभ्यास झाला, २०१७ साली छापला गेला. जठराबरोबर प्लीहाही काढावी का, हा प्रश्न होता. काढलेल्यांत पाच वर्षांनी ७५ टक्के जिवंत, न काढलेल्यांत ७६. फायदा काही नाही, उलट काढलेल्यांना ऑपरेशननंतरचा त्रास जास्त. म्हणून बाबांची प्लीहा जागेवर ठेवली होती. पण माझे डोळे त्या ७५ वर खिळले. लगेच जर्मनीचा २०१९ चा अभ्यास सापडला, बाबांना जी ‘फ्लॉट’ नावाची चार औषधांची केमो दिली तिचाच. तिथे पाच वर्षांनी ४५ टक्के. जुन्या केमोत ३६.

एकाच रोगाला ७५ आणि ४५ कसे? मॅडमना विचारलं. त्यांनी सांगितलं, जपानच्या अभ्यासात रोग जठराच्या मोठ्या वळणापर्यंत न गेलेले, निवडक रुग्ण होते. जर्मनीत पुढे गेलेले बरेच. टक्का त्या त्या माणसांच्या समूहाचा असतो. तो उचलून बाबांना चिकटवता येत नाही.

हे मी घरी जसंच्या तसं सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘माहा नंबर लागते का त्या पंचेचाळीसात, तेवढं सांग.’ मला सांगता आलं नाही. मी इतकंच म्हणाले, की आपल्या हातात जे आहे ते आपण करू.

आणि हातात बरंच होतं, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. त्या जर्मन अभ्यासात ऑपरेशनच्या आधी चार आणि नंतर चार असे आठ डोस होते. निम्म्याहून कमी रुग्णांना ते सगळे पुरे करता आले. ऑपरेशननंतर वजन उतरतं, ताकद जाते, कुणाचा जोड गळतो, आणि उरलेली केमो राहून जाते. म्हणून ऑपरेशनआधी रक्तातलं अल्ब्युमिन बघतात, वजन बघतात, तंबाखू सोडवतात, तीन चेंडूंच्या यंत्रातून श्वास ओढायला लावतात. आम्हाला वाटलं होतं ही वरवरची कामं. तीसुद्धा आयुष्याच्या हिशेबातली आहेत, हे मी कळकळीनं सांगते, कारण आपल्याकडे ऑपरेशन झालं की माणसं सुटलो म्हणतात.

आता बाबा दर दोन तासांनी थोडं थोडं खातात. मऊ खिचडी, घट्ट मुगाचं वरण, उकडलेलं अंडं, दाण्याचं कूट. पाणी जेवणाबरोबर नाही, नंतर. भेटायला येणारे पेढे आणतात. पेढा खाल्ला की त्यांना घाम फुटतो, छाती धडधडते, कारण गोड पदार्थ जठरात न थांबता सरळ आतड्यात उतरतो. हे पाहुण्यांना समजावून सांगायचं काम आईनं घेतलं आहे. बी-१२ चं इंजेक्शन जन्मभर लागणार, कारण ते शोषून घ्यायला लागणारा घटक जठरातच तयार होत होता.

पुढचा डोस सोमवारी आहे. मागच्या वेळी वजन घसरलं म्हणून मात्रा कमी केली होती. या आठवड्यात ते टिकलं आहे. मॅडमना विचारायचं मी वहीत लिहून ठेवलंय : पेशींचा प्रकार कोणता होता, हर-२ या प्रथिनाची तपासणी झाली का, आणि पहिलं सीटी स्कॅन कधी.