पापण्या बघ

महाड, ६ ऑगस्ट

चि. मुक्ता,


काल फोनवर तू विचारलंस आणि मी "अगं, होतं असं प्रवासात" म्हणून विषय बदलला. तेव्हापासून मनाला चैन नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

गेल्या गणपतीत गावी तुझ्या रमाला मध्यरात्री उलट्या झाल्या आणि कारण कुणालाच सापडलं नाही, हे तुझ्या मनात घर करून बसलंय. ते बहुधा साधंच असणार. मुंबई-गोवा हायवेचे दहा तास, अवेळी जेवण, बदललेलं पाणी, आरतीपर्यंतचं जागरण. चार वर्षांच्या पोटाला एवढं पुरतं. आणि सकाळी ती अंगणात फुगडी घालत होती. त्या रात्रीची काळजी सोडून दे. मला सांगायचंय ते यंदाच्या रात्रींविषयी.

त्यासाठी एक जुनी गोष्ट ऐक. १९९४ साल. आरोग्य केंद्रात रुजू होऊन मला दोन वर्षं झाली होती. गौरी जेवल्या त्या रात्री एका घरी वीसेक माणसं दाटीवाटीने झोपलेली. मोठी पडवीत, मुलं माजघरात जमिनीवर ओळीने. मुंबईहून आलेला पाच वर्षांचा एक मुलगा तीनच्या सुमारास पोट धरून उठला आणि ओकला. "मोदक बाधले," सगळे म्हणाले. आजीने ओवा दिला, दृष्ट काढली. उजाडल्यावर त्याला माझ्याकडे आणलं. पोट मऊ, ताप नाही, अंगावर कुठे ओरखडा नाही. मी उलटीचं इंजेक्शन दिलं, मीठ-साखरेचं पाणी सुरू करायला सांगितलं आणि त्याला बाकावर बसवलं.

तासाभराने आमच्या आयाबाई आत आल्या. "बाई, पोराच्या पापण्या बघा."

तो आईच्या मांडीवर होता. हनुवटी वर, मान मागे टाकलेली, कपाळावर म्हाताऱ्या माणसासारख्या आठ्या. आईला वाटत होतं, झोप अनावर झालीय. खरं तर तो जागा होता. पापण्या उचलत नव्हत्या म्हणून कपाळाने त्या ओढून आईचं तोंड बघायचा प्रयत्न करत होता. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळून सदऱ्याची कॉलर भिजली होती, कारण थुंकी गिळता येत नव्हती. नाव विचारलं तर नाकातून, घोगरं, अर्धंच आलं.

मण्यार. दुसरं काही नाही.

मुक्ता, कोब्रा किंवा घोणस चावली तर माणूस ओरडतो, जागा सुजते, घर उठतं. मण्यारीचं तसं नाही. काळी-निळी, चकचकीत, अंगावर बारीक पांढरे पट्टे. रात्री उंदीर, पाली, दुसरे साप शोधत घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाने कूस बदलली की चावते. दात इतके बारीक की बऱ्याचदा खूण दिसत नाही, दुखत नाही, सूज येत नाही. झोपलेलं मूल जागंही होत नाही. जागं होतं ते पोटदुखीने आणि उलटीने, आणि तेव्हा घरच्यांना आठवतं रात्रीचं जेवण. विष नसांची टोकं निकामी करतं. आधी पापण्या, मग गिळणं, मग श्वास.

केंद्रात सर्पदंशाच्या लसीच्या दहा व्हायल होत्या. सगळ्या दिल्या. मूल लहान म्हणून लस कमी द्यायची नसते. सापाने विष काही वय बघून कमी सोडलेलं नसतं. पण नसांचं झालेलं नुकसान लसीने लगेच भरून येत नाही. जिल्ह्याच्या रुग्णालयात नेताना जीपमध्ये त्याचा श्वास थांबला. दोन तास मी आणि आयाबाई आळीपाळीने श्वास देणारी अंबू बॅग दाबत होतो. पुढे सहा दिवस व्हेंटिलेटर.

तो वाचला. नवव्या दिवशी बोलायला लागला, तेव्हा आईला म्हणाला, "काकी म्हणाली, गेला. मी गेलो नव्हतो." मण्यारीच्या विषात शरीर लुळं पडतं तरी मूल शुद्धीवर असू शकतं. सगळं ऐकत होता तो. तेव्हापासून अशा प्रत्येक रुग्णाच्या कानाशी मी बोलत आले.

बाकावर गेलेला तो तास माझा होता. तीस वर्षं झाली, अजून टोचतो. त्यानंतर दोन मुलं माझ्याकडे पोचलीच नाहीत. एकाला आधी देवऋष्याकडे नेलं होतं. आपल्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात पाव हिश्श्याहून जास्त पंधरा वर्षांखालची मुलं आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. म्हणजे ऐन आपल्या सणांचे दिवस.

विंचवाचंही सांगते. लाल विंचू चावला तर मूल किंचाळून उठतं, ओकतं, घामाने निथळतं, हातपाय गार पडतात. लहान मुलाला कुठे दुखतं ते सांगता येत नाही. आमच्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रुळवला, म्हणून कोकणातली कितीतरी पोरं आज हयात आहेत. पण त्यासाठीही वेळेवर पोचावं लागतं.

रमा रात्री उठून पोट दुखतं म्हणाली, ओकली, तर दिवा लाव आणि तिला तुझ्या बोटाकडे वर बघायला सांग. घोटभर पाणी गिळते का बघ. पापण्या जड, बोलणं जड किंवा गिळायला त्रास वाटला, तर मग तोंडाने काहीही देऊ नकोस. खूण शोधत बसू नकोस, सापामागे कुणाला धाडू नकोस, आवळून बांधू नकोस. कुशीवर झोपव, १०८ ला फोन कर आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांग: "मूल जमिनीवर झोपलं होतं." तेव्हाच्या माझ्यासारखी एखादी नवखी समोर असेल तर तेवढ्याने तिचं लक्ष जाईल. सासूबाई दृष्ट काढतील. काढू देत, गाडी येईपर्यंत.

गावी जाणं मात्र रद्द करू नकोस, माझी शपथ आहे. रमाला माजघरात चुलतभावंडांबरोबर झोपायचंच असेल; तेच तर तिच्या लक्षात राहील. जमलं तर खाट मागून घे. नाहीतर कुरिअरने मच्छरदाणी पाठवते आहे. तिला खाली चारही बाजूंनी वीतभर मांजरपाटाची पट्टी शिवलीय, म्हणजे गादीखाली घट्ट खोचता येईल. अंधार पडायच्या आत खोच, आणि आत शिरताना गादी-उशी टॉर्चने बघून घे. मच्छरदाणी चार मुलं मावतील एवढी मोठी आहे.

तुझी,
सुमामावशी