दिवसा पेटलेला दिवा

मंडणगडला मराठी शिकवू लागल्यापासून शाळेतल्या विज्ञानाच्या खोलीकडे माझी पावले क्वचितच वळली होती. एके दिवशी विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "सर, शनिवारी मुलांकडून दिवे करून घ्यायचे आहेत. हात कमी पडतायत, येता का?" विषयाचा गंध नसताना मी केवळ सोबतीला म्हणून गेलो.

दिवाच का, याला कारण होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळले तेव्हा मंडणगड-दापोली भागात झाडांबरोबर विजेचे खांबही आडवे झाले आणि कित्येक गावांनी पुढचे अनेक दिवस अंधारात काढले. तो अंधार या मुलांनी पाहिलेला होता. म्हणून बाईंनी निवडलेला परिपथ होता अंधार पडताच आपोआप लागणाऱ्या दिव्याचा.

साहित्य अगदी थोडे : नऊ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी, बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर, दोन रेझिस्टर आणि उजेडात ज्याचा रोध घटतो असा एक एलडीआर. उजेड असेतो ट्रान्झिस्टरच्या बेसकडे निघालेला प्रवाह एलडीआर स्वतःकडे वळवून घेतो. अंधारात त्याचा रोध वाढला की तोच प्रवाह बेसकडे जातो आणि दिवा लागतो. पुठ्ठ्याला भोके पाडून मुले तारा ओवू लागली. दमट हवेने तांब्याच्या तारांवर हिरवट थर चढला होता. तो पात्याने खरवडल्याशिवाय जोड धरत नव्हता.

खाडीकाठच्या गावातून येणाऱ्या एका मुलीचा दिवा सर्वांच्या आधी पेटला, पण तो खिडकीतल्या लख्ख उजेडात! वर्ग हसला. बाईंनी दिलेला नकाशा आणि तिचा पुठ्ठा ताडून पाहिल्यावर मलाही चूक दिसली. मी बोट पुढे केले, तोच बाई हलकेच म्हणाल्या, "थांबा सर. तिला बघू द्या."

मुलीने पेनाचे काळे टोपण एलडीआरवर ठेवले. दिवा विझला. टोपण काढले; दिवा लागला. असे तीनचार वेळा करून ती म्हणाली, "बाई, याला उजेड कळतोय. फक्त उलटा कळतोय." मग तिने एलडीआर आणि सत्तेचाळीस हजार ओहमचा रेझिस्टर यांच्या जागा बदलल्या. या वेळी टोपण ठेवताच दिवा लागला.

बाई नंतर म्हणाल्या, "पहिला दिवाही बरोबरच होता. उजाडलं की कळवणारा." पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू करणारे डॉ. श्रीनाथ कलबाग हाताने काम करत शिकण्याचा आग्रह का धरत, ते त्या दिवशी मला थोडे उमगले. परिपथ चुकीला 'नाही' म्हणतो. पण तो अपमान करत नाही, आणि पुन्हा विचारायला केव्हाही मोकळा असतो.

मी मात्र विचारायला जागा ठेवली नव्हती. 'पाऊस : निसर्गाचे वरदान' या विषयावर याच मुलीने वादळातली रात्र लिहिली होती : उडालेली कौले, घरभर मांडलेली भांडी, कोपऱ्यात धान्याच्या पोत्यावर बसलेली आजी. मी लाल शाईने 'विषयांतर' असा शेरा मारून गुण कापले होते. तिचे उत्तर माझ्या प्रश्नाचे नव्हते, एवढेच मी पाहिले; ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे शोधायला मी थांबलो नव्हतो. साहित्याच्या शिक्षकाने खरे तर तेवढ्यासाठीच थांबायचे असते. त्यानंतरच्या निबंधांत तिने मला हवा तसा पाऊस लिहिला होता, आणि तिची प्रगती झाली असे मी समजत होतो.

सोमवारी मी तिला ती जुनी वही आणायला सांगितले.

"ती रद्दीत घातली, सर," ती सहजपणे म्हणाली. "का? काय राहिलं होतं?"

मला उत्तर देता आले नाही. हल्ली वह्या तपासताना लाल पेन उचलण्याआधी मी समासात शिसपेन्सिलीने एक प्रश्न लिहून वही परत देतो. तिची ती वही मात्र गेली ती गेलीच.