सुरतेचे शिसे

सुरतेला गेलेला मराठी माणूस पहिल्यांदा विचारतो, "महाराजांनी लुटली ती सुरत कुठे?" दाखवायला किल्ला आहे, तापीच्या काठी, चौक बाजाराला लागून. सोळाव्या शतकातला, आता डागडुजी होऊन आत संग्रहालय झाले आहे. जानेवारी १६६४ मध्ये सुभेदार इनायतखान याच किल्ल्यात जाऊन बसला आणि शहर उघडे पडले.

मला मात्र ओढ होती ती इंग्रजांच्या वखारीची. तिथला पाद्री जॉन एस्कॅलिऑट याने त्याच महिन्यात इंग्लंडात सर टॉमस ब्राऊन यांना पत्र धाडले. त्यात वखारीतली सगळी धांदल आहे. सुवाळीला नांगरलेल्या जहाजांवरून खलाशी आणले, पितळी तोफा मिळवल्या. काही जण शिसे वितळवून गोळ्या ओतू लागले, काही छिन्नीने शिशाचे तुकडे पाडू लागले. एकही हात रिकामा नाही! शिसे हा मुळात त्यांचा विक्रीचा माल. लोकरी कापडाबरोबर तेही विलायतेहून सुरतेत उतरे.

शिसेच का? ते ३२७ अंशांना वितळते, म्हणजे चांगल्या पेटलेल्या शेगडीवरही त्याचे पाणी होते. शिवाय मऊ आणि जड. कल्हईचे कथील २३२ अंशांनाच वितळते, पण गोळी हलकी होते, लांब जात नाही. कथील-शिशाची मोडकी ताटे, पेले आटवूनही गोळ्या होतात, पण ते अडीनडीचे काम. ठासणीच्या बंदुकीची गोळी साच्यात ओतायची, गार करायची, वरचे शेपूट छाटायचे. यात वेळ जातो. गल्लीत जवळून बार टाकायला छिन्नीचे तुकडेही पुरतात. १७७६ साली अमेरिकेत तर तिसऱ्या जॉर्जचा शिशाचा पुतळा पाडून त्याच्या ४२ हजारांवर गोळ्या केल्या.

हे सांगत होतो तर आमची सौ. (माहेर धारवाडचे) म्हणाली, "अहो, तुमच्याकडे बंदुकीत घालतात ती दारू, आमच्याकडे मद्दु. म्हणजे औषध!" दोन्ही भाषा घरात असल्या की असे होते.

इंग्रजांना महाराज नवखे नव्हते. १६६० मध्ये राजापूरच्या वखारवाल्यांनी सिद्दी जौहरच्या बाजूने आपल्या पन्हाळ्यावर तोफगोळे डागले होते. पुढच्याच वर्षी राजापूरची वखार मराठ्यांनी लुटली. सुरतेत मात्र इंग्रजांची वखार वाचली. शेजारचा हाजी सय्यद बेगचा वाडा लुटला गेला, विरजी व्होराचाही. पण शहराचा मोठा भाग जळाला, आणि त्यात ज्यांच्याकडे ना शिसे, ना तोफा अशांची घरेही गेली, हे मराठी घरात सहसा कुणी सांगत नाही. मला ते किल्ल्यापेक्षा जास्त आठवत राहिले. औरंगजेबाने नंतर व्यापाऱ्यांना जकातीत सूट दिली.

वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ मध्ये वारला. कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रजांच्या कबरस्तानात त्याची आणि भावाची दुमजली, घुमटाची कबर आहे; सुरतेला गेलात तर जरूर पाहा. मराठे ऑक्टोबर १६७० मध्ये पुन्हा आले, तेव्हा वखार राखली ती स्ट्रेनशॅम मास्टरने.