पिस्तूल फक्त स्पर्धेतच अडकायचं

हिरवा दिवा लागला. खाली धरलेला हात वर आला, फ्रंट साइट जागेवर बसली, मी ट्रिगर ओढला आणि आवाजच झाला नाही. तीन सेकंद संपून लाल दिवा लागला. पिस्तुलाचं तोंड लक्ष्याकडेच ठेवलं, पकड तशीच ठेवली आणि डावा हात वर केला. रेंज ऑफिसर येईपर्यंत शेजारच्या मुलींचे उरलेले दोन शॉट मी कानांनी मोजले.

२५ मीटर पिस्तूल या प्रकारात ६० शॉट असतात. पहिले ३० प्रिसिजनचे, म्हणजे पाच मिनिटांत पाच शॉट. नंतरचे ३० रॅपिडचे. तिथे दर शॉटला तीनच सेकंद मिळतात आणि मधल्या सात सेकंदांत हात पुन्हा खाली आणायचा असतो. पिस्तूल .२२ बोअरचं, मॅगझीनमध्ये पाच गोळ्या. पिस्तूल अडकलं तर त्याला हात लावायचा नाही, रेंज ऑफिसर बघेल. दोष पिस्तुलाचा किंवा गोळीचा असेल तर सिरीज पूर्ण करायला मिळते, पण ही सवलत ३० शॉटच्या टप्प्यात एकदाच. दोष नेमबाजाचा ठरला तर न झाडलेल्या प्रत्येक गोळीला शून्य.

त्या दिवशी बोल्टच्या फटीत रिकामी पुंगळी उभी अडकली होती. सवलत मिळाली. पुढच्याच सिरीजमध्ये ट्रिगर पुन्हा मेल्यासारखा झाला. रेंज ऑफिसरनी पिस्तूल तपासलं आणि शांतपणे सांगितलं, पिस्तुलात दोष नाही. उरलेल्या तीन शॉटना शून्य. एकदोन गुणांवर निवड ठरते अशा खेळात माझे जवळपास तीस गुण तिथेच गेले.

असं त्या वर्षात तिसऱ्यांदा होत होतं, आणि सरावात एकदाही होत नव्हतं. कोल्हापुरात आठवड्याला दोन-तीनशे गोळ्या मी त्याच पिस्तुलातून झाडत होते. पिस्तूल दुरुस्त करणाऱ्याकडे नेलं. त्यांनी माझ्यासमोर पन्नास गोळ्या झाडून दाखवल्या, सगळ्या सुरळीत. आमचे सर म्हणाले, "पिस्तुलाला कुठे कळतंय स्पर्धा आहे ते? हे मनाचं आहे." ते मायेने म्हणाले होते. तरी मला ते फार लागलं, कारण बोल्टमधली पितळी पुंगळी मी डोळ्यांनी पाहिली होती. मन पुंगळी अडकवत नाही.

याच काळात, २५ जुलै २०२१ रोजी, टोकियो ऑलिंपिकमध्ये नेमबाज मनू भाकरचं एअर पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं. ते माझ्या पिस्तुलापेक्षा वेगळ्या जातीचं, इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं पिस्तूल. मोलाची मिनिटं दुरुस्तीत गेली, ५७५ गुणांवर ती बारावी आली आणि पहिल्या आठांची अंतिम फेरी हुकली. त्यानंतर लोक तिच्या मनोबलाबद्दल जे बोलले ते ऐकून मी रडले होते. यंत्र बिघडतं, आणि ते बिघडलं एवढंच म्हणायला माणसं तयार नसतात.

मला वाट दाखवली ती माझ्या वडिलांनी. आबांनी आयुष्यभर ऑइल इंजिनं आणि पंप दुरुस्त केले. पिस्तूल त्यांनी कधी हातात धरलं नव्हतं. ते म्हणाले, "पोरी, का बंद पडतंय ते मागनं बघू. कधी बंद पडतंय ते आधी लिहून काढ." शेतकरी येऊन सांगायचा, इंजिन पहाटेच बंद पडतं, तुमच्यासमोर चालतं. मग आबा पहाटे त्याच्या विहिरीवर जाऊन बसायचे. इंजिन वर्कशॉपमध्ये आणून कळणार नाही, ते जिथे बिघडतं तिथेच बघायचं, ही त्यांची रीत.

मी वहीत दोन रकाने आखले, सराव आणि स्पर्धा. लिहायला लागले आणि हात थांबेना. पिस्तूल एकच असलं तरी त्याच्या भोवतालचं जवळजवळ सगळं वेगळं होतं.

गोळ्या वेगळ्या होत्या. चांगल्या मॅच गोळ्या परदेशातून येतात, महाग असतात आणि हव्या तेवढ्या मिळत नाहीत. म्हणून आपण सगळेच त्या स्पर्धेसाठी जपून ठेवतो आणि सराव साध्या गोळ्यांवर करतो. माझ्या मॅच गोळ्या थोड्या मवाळ होत्या, धक्का कमी देणाऱ्या. नेमाला ते चांगलं, पण बोल्ट मागे ढकलायचं बळ त्याच धक्क्यातून येतं.

मॅगझीनही वेगळं. नवं म्हणून ते स्पर्धेसाठीच राखून ठेवलेलं.

सफाईही वेगळी. सरावानंतर मी नळीतून एक फडकं फिरवायची. स्पर्धेच्या आदल्या रात्री मात्र लॉजच्या खोलीत वर्तमानपत्र पसरून पिस्तूल सगळं खोलायची आणि बोल्टला भरपूर तेल द्यायची. प्रिसिजन आणि रॅपिड वेगवेगळ्या दिवशी असले तर रॅपिडच्या आदल्या रात्रीही तेच. त्यात श्रद्धा होती, दसऱ्याला हत्यारं पुसावीत तशी.

मग वहीवर बोट ठेवून आबांनी विचारलं, "सरावात रॅपिड किती गोळ्यांनंतर मारतीस?" प्रिसिजन संपल्यावर लगेच, म्हणजे पिस्तुलातून तीस-चाळीस गोळ्या गेलेल्या असताना. आणि स्पर्धेत? सायटिंगचे, म्हणजे नेम जुळवून घ्यायचे, पाच शॉट, की थेट पहिली सिरीज. सरावातलं रॅपिड तापलेल्या पिस्तुलाचं होतं आणि स्पर्धेतलं थंड, तेलात भिजलेल्या पिस्तुलाचं. तेव्हा आठवलं की प्रिसिजनच्या सायटिंगमध्येही एकदा पुंगळी अडकली होती. वेळ भरपूर होता, मी ती काढून टाकली होती आणि विसरून गेले होते.

आता हे सिद्ध करायचं तर जपून ठेवलेल्या गोळ्या खर्चाव्या लागणार होत्या. पन्नासचे दोन डबे फोडताना जीव तुटला. जानेवारीतल्या गारठ्यात सकाळी सातला, रात्री तेल दिलेलं पिस्तूल आणि मॅच गोळ्या घेऊन मी थेट रॅपिड सुरू केलं. पहिल्या पंधरा शॉटमध्ये तीन पुंगळ्या अडकल्या. नंतरच्या पस्तीसमध्ये एकही नाही. रेंजवर मी एकटीच होते आणि आनंदाने ओरडले. आयुष्यात पिस्तूल अडकल्याचा आनंद तेवढाच.

पुढच्या आठवड्यात बदल एकच केला. गोळ्या त्याच, मॅगझीन तेच, वेळ तीच, फक्त बोल्ट कोरडा पुसून तेलाचा एक थेंब. पन्नासपैकी पन्नास सुरळीत. मॅगझीन निर्दोष निघालं. दुरुस्तीवाल्यांनी बोल्टची स्प्रिंग बदलायचा सल्ला दिला होता. दोन्ही एकदम केलं असतं तर खरं कारण कधीच कळलं नसतं.

पण वहीतल्या सगळ्या नोंदी यात बसत नव्हत्या. दोन वेळा सिरीजची पहिलीच गोळी उडाली नव्हती, तिथे पुंगळीचा प्रश्नच नव्हता. नशिबाने त्यातली एक गोळी मी ठेवली होती. .२२ च्या गोळीत पेटणारं मिश्रण पितळी कडेच्या आत असतं आणि फायरिंग पिन त्या कडेवर आपटते. माझ्या गोळीवरचा ठसा फिका होता. गोळी चेंबरमध्ये पूर्ण बसली नसेल तर पिनचा मार तिला पुढे ढकलण्यातच जातो. ती पूर्ण का बसली नसेल? याचं उत्तर मैत्रिणीने एका स्पर्धेत काढलेल्या व्हिडिओत सापडलं. "लोड" म्हटल्यावर रेंजवर जी शांतता पसरते, तिच्यात मी बोल्ट बोटांनी धरून हळूच पुढे सोडत होते. सरावात तो खटकन सोडून देते.

त्याच व्हिडिओत तिसरी गोष्ट दिसली, आणि ती बघायला धीर लागला. शॉट सुटल्यावर माझं बोट ट्रिगरवरच दाबलेलं राहत होतं. ट्रिगर पुरेसा पुढे आला नाही तर पुढचा शॉट सुटतच नाही, आणि नियमाने तो नेमबाजाचाच दोष. म्हणजे त्या दिवशी रेंज ऑफिसरनी दिलेला निर्णय बरोबर होता. सरही एक तृतीयांश बरोबर होते. हे तेवढं मनाचं होतं. पण तीन वेगवेगळ्या आजारांना मी एकच नाव दिलं होतं, म्हणून एकाचंही औषध सापडत नव्हतं.

आता सरावातला दर पाचवा दिवस स्पर्धेचा असतो. आदल्या रात्री सफाई, सकाळी थंड पिस्तूल, मॅच गोळ्यांचा अर्धा डबा, पाच सायटिंग आणि थेट रॅपिड. कोणीतरी मोठ्याने "लोड" म्हणतं. बोल्ट मी सोडून देते, हात खाली आणताना बोट ट्रिगरवरून पूर्ण उचलते. गोळ्यांचा खर्च वाढला आहे, तो मी प्रवासातून आणि बुटांतून काढते. त्यानंतरच्या चार स्पर्धांत पिस्तूल एकदाही अडकलेलं नाही.

नेमबाजी शिकवणाऱ्या सरांना आणि मॅडमना एक विनंती आहे. नेमबाज राही सरनोबत यांच्या कोल्हापुरात आणि इतरत्रही आता पुष्कळ मुली हे पिस्तूल हातात घेत आहेत. त्यातली एखादी म्हणाली की पिस्तूल फक्त स्पर्धेतच अडकतं, तर तिला मन घट्ट कर म्हणण्याआधी इतकं विचारा: गोळ्या कोणत्या डब्यातल्या होत्या, तेल कधी दिलं होतं, पाचातली कितवी गोळी अडकली आणि ती पुंगळी कुठे आहे?