एकाच ठशातले प्रहर

जपानी चित्रकार हिरोशी योशिदांची शिडाच्या होड्यांची छापचित्रं १९२६ सालची. जपानच्या सेतो अंतर्समुद्रातल्या त्याच होड्या, तेच पाणी. सकाळ, दुपार, धुकं, संध्याकाळ, रात्र अशी वेळ मात्र दर चित्रात निराळी. लाकडी ठसे तेच ठेवून योशिदांनी फक्त रंग बदलले. धुक्याच्या चित्रात मागच्या होड्या जवळजवळ विरघळून जातात; रात्रीच्या चित्रात तेच शीड जड वाटायला लागतं. सूर जवळपास तेच असूनही भूप हा राग सांजेचा आणि देशकार सकाळचा, हे ज्याच्या कानाला पटलं आहे त्याला ही चित्रं समजावून सांगावी लागत नाहीत.

योशिदा मूळचे तैलरंग आणि जलरंगांत काम करणारे. जन्म १८७६चा, क्यूशू बेटावरच्या कुरुमे गावचा. उएदा घराण्यातल्या या मुलाचा हात पाहून चित्रकलेच्या शिक्षकांनी, योशिदा कासाबुरो यांनी, त्याला दत्तक घेतलं. पुढे कासाबुरोंची मुलगी फुजिओ हिरोशींची पत्नी झाली. तीही चित्रकार होती. १८९९मध्ये, ऐन तेविशीत, हिरोशींची चित्रं अमेरिकेत डेट्रॉइटच्या संग्रहालयात लागली आणि विकलीही गेली.

एवढं नाव झालेला माणूस लाकडी ठशांकडे वळला तो १९२०च्या सुमारास, वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकामुळे. १ सप्टेंबर १९२३च्या भूकंपानंतर तोक्योत आगी लागल्या. वातानाबेंचं दुकान जळालं, त्यात योशिदांचे ठसेही गेले. त्यानंतर योशिदा आपली आणि मित्रांची चित्रं घेऊन अमेरिकेला गेले. जपानी छापचित्रांची तिथली ओढ त्यांनी पाहिली. सुमार छापही लोक आवडीने घेत होते. परतल्यावर, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी स्वतःची कार्यशाळा काढली.

मला त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. जपानी रिवाजात चित्रकार फक्त आराखडा काढायचा. कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा, आणि या सगळ्यांवर प्रकाशक. योशिदांना हे मान्य नव्हतं. त्यांनी कारागीर पगारावर ठेवले, पण कोरणं आणि छापणं स्वतः शिकून घेतलं. कारागिराला सांगायचं तर त्याच्याहून आपल्याला जास्त यायला हवं, असं ते मानत. ज्या छपाईवर त्यांची जातीने देखरेख असे, तिच्या समासात ‘जिझुरी’, म्हणजे ‘स्वतः छापलेलं’, ही मोहर उमटे.

हे काम सोपं नव्हतं. रानचेरीच्या लाकडाचा ठसा, त्यावर पाण्यात कालवलेला रंग, वर किंचित ओलसर हातकागद आणि बांबूच्या पानात गुंडाळलेल्या चकतीने केलेली घासणी. रंग बदलला की पुन्हा पहिल्यापासून. कागद सुकून आकसला तर पुढचा रंग रेषेबाहेर जातो, म्हणून ठशाच्या कडेला कोरलेल्या खुणेला तो दरवेळी अचूक टेकवावा लागतो. योशिदांच्या एका चित्राला सरासरी ३०हून अधिक वेळा असा छाप द्यावा लागे. आकाशाचा निळा खाली येता येता फिका होतो, तो ठशावर ओल्या ब्रशाने रंग हलका करत नेल्यामुळे. पण नुसतं तंत्र पुरत नाही, रंग आधी डोळ्यांनी पाहावा लागतो. गिर्यारोहणाचं वेड असलेल्या या माणसाने धाकट्या मुलाचं नावही होदाका या पर्वतावरून ठेवलं. त्यांची पर्वतशिखरं पाहताना मला नेहमी वाटतं, पहाटेच्या थंडीत स्वतः उभं राहिल्याशिवाय बर्फावरचा तो गुलाबी कुणाला सापडणार नाही.

१९३०च्या अखेरीस ते थोरल्या मुलाला, तोशीला, घेऊन भारतात आले. या प्रवासातून ताजमहाल, उदयपूर, अमृतसरचं सुवर्णमंदिर, काशीचा घाट, कांचनगंगा ही चित्रं निघाली. ताजमहालातही दिवस आणि रात्रीचा तोच खेळ आहे. आणि त्याच मालिकेत आपलं अजिंठा आहे, वेरूळही आहे. डोंगर कोरून केलेल्या त्या लेण्यांसमोर लाकूड कोरणारा हा माणूस उभा राहिला होता, हे मनात आलं की मला फार बरं वाटतं.

१९५०मध्ये योशिदा गेले. कार्यशाळेचं काम तोशीने पुढे नेलं. आपल्या चित्रकला महाविद्यालयांनी अजिंठा-वेरूळची ही छापचित्रं विद्यार्थ्यांपुढे ठेवावीत, आणि सोबत एक लाकडी ठसा, रंग आणि ओला कागदही द्यावा.