कामाच्या गाड्या

आमच्या खामगावच्या घरात चुलत, आते, मामे मिळून पोट्ट्यांची फौज होती आणि फौजेचं एका गोष्टीवर एकमत होतं: गाडी असावी तर कामाची. लग्नाला आलेली अँबेसिडर मोठ्यांनी खुशाल बघावी, आम्हाला रोलर पाहिजे.

बहात्तरच्या दुष्काळात घरोघरच्या बाया खडी फोडायला गेल्या. त्या खडीवरून रोलर फिरे. एवढी अवजड, एवढी संथ वस्तू आम्ही दुसरी पाहिली नव्हती. बाकीच्या गाड्यांमागे पळावं लागे, याच्यामागे नुसतं चाललं तरी भागे. दुपारी ड्रायव्हर त्याच्याच सावलीत भाकर सोडी. "काहून आले बे? सरका मांगं!" एवढं म्हणून पुन्हा भाकरीकडे वळे. सोड्याच्या बाटलीचं झाकण चाकाखाली ठेवून त्याची चकती करून घेणं हा आमचा कारखाना. चकतीला दोन भोकं पाडून दोरा ओवला, की भिंगरी तयार.

जलंबची लाइन 1870 सालची, खामगावचा कापूस बाहेर नेण्यासाठी टाकलेली. तिच्यावरची रेल्वेगाडी फार जणांना आवडे, आम्ही ट्रॉलीवाले. छत्रीखाली साहेब बसलेला आणि खलाशी रुळावरून पळत ढकलतायत. वेग आला की टुणकन उडी मारून वर. साहेब व्हावं असं आमच्यातल्या कुणालाच वाटलं नाही. उडी मारायला मिळावी, एवढंच.

एकाधिकार खरेदी सुरू झाल्यावर दिवाळीनंतर कापसाच्या बंड्यांच्या रांगा लागत. गाडीवान बंडीखालीच मुक्काम करीत. गावाकडचे काका रांगेत असले की आमच्याकडून डबा जाई आणि डब्यामागे आम्ही. परत आल्यावर अंगणात ज्वारीच्या ताटांच्या बंड्या तयार होत: सालीचे आरे, भेंडाचे बैल. स्लिपर झिजली की तिची चाकं कापायची; पालिशच्या रिकाम्या डबीवरून तर भांडणं होत. विकतचं खेळणं घरात क्वचितच आलं आणि आलं ते कपाटावर गेलं.

एक गाडी मात्र कुणी केली नाही. गावात तेव्हा टोपलीचे संडास होते. पहाटे मैल्याची गाडी मागच्या बोळात येई आणि आजी खिडकी लावून घेई. "आत व्हा रे!" रोलरवाल्याच्या भाकरीबरोबर ठेचा होता की कांदा, हे आम्हाला पाठ, ती टोपली उचलणाऱ्या बाईचा चेहरा आमच्यापैकी एकालाही आठवत नाही. टोपलीच्या संडासांना बंदी घालणारा कायदा 1993 सालचा. तोवर आमची लग्नं होऊन गेली होती.

आमच्या मुलांच्या वाट्याला बोअरची गाडी आली. तमिळनाडूच्या नंबरची, रात्रभर कानठळ्या बसवणारी. संग्रामपूरकडच्या शेतात पाणी लागलं तेव्हा पोरं चिंब भिजून नाचली. मोठ्यांनी ओंजळभर चाखलं आणि थुंकलं. खारपाणपट्टाच तो. पोरांना त्याचं काय? गाडी तर पाहिली! मग 2018 साली जिल्ह्यातल्या तलावांचा गाळ काढायला भारतीय जैन संघटनेची जेसीबी आणि पोकलेन यंत्रं उतरली, तेव्हा गावोगावची शाळकरी पोरं सुट्टीभर काठावर बसून होती म्हणतात. आम्ही का नाही गेलो, याची रुखरुख आम्हा साठीच्या मंडळींना आहे. खोटं कशाला बोला!

आता नातू. त्याला जेसीबी जुना झाला. त्याचं दैवत घंटागाडी. सकाळी लांबून गाणं ऐकू आलं की दात घासायचे सोडून फाटकात उभा. मागे लटकणाऱ्या मावशींना तो नावानं ओळखतो, त्याही त्याला. जेवणाच्या टेबलाखाली त्याची स्वतःची घंटागाडी चालते, खोक्याची, दोन कप्प्यांची. परवा त्याच्या आजीनं शेंगांच्या टरफलात बिस्किटाचा कागद टाकला, तर पठ्ठ्यानं सगळं तिच्या ताटाशी आणून ओतलं: "ओला वेगळा कर, मगच गाडी पुढे जाईल."