फिरतीचे काम, ऊन आणि मोबाइल

“डॉक्टर, हवामान बघायला कोणता फोन घेऊ?” फिरतीवर असणारे पेशंट मला विचारतात. मी सांगतो, महागडा नको. भर उन्हात स्क्रीन वाचता यावा आणि बॅटरी दिवसभर टिकावी, एवढे बघा. त्यात हवामान खात्याचे ‘मौसम’ आणि विजेची सूचना देणारे ‘दामिनी’ ही ॲप घ्या. गाडी थांबवूनच बघा.

तापमानाचा आकडा सावलीतला असतो. सोबत आर्द्रताही पाहा. दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही. म्हणून मुंबईत ३५ अंशही जड जातात.

चक्कर, मळमळ, डोकेदुखी जाणवली तर ॲप काहीही सांगो, काम थांबवा, सावलीत बसा, पाणी प्या. सोबतचा माणूस उन्हात असंबद्ध बोलू लागला तर उष्माघात समजा. लगेच १०८ला फोन करा. गाडी येईपर्यंत त्याच्या अंगावर पाणी ओता, वारा घाला.